ठाणे-नवी मुंबईत नवी कार घेताना भाव कसा करावा: डिस्काउंटवर नव्हे, ऑन-रोड आकड्यावर बोला

घोडबंदर रोड असो वा ठाणे-बेलापूर रोड, शोरूममध्ये शिरल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "डिस्काउंट किती?" गडबड तिथेच होते. डिस्काउंट ही कोटेशनमधल्या आठ-दहा ओळींपैकी एक ओळ. ती मोठी करून दाखवायची आणि बाकीच्या ओळींतून भरून काढायची, हे कोणत्याही शोरूमला सहज जमतं.

एक हिशेब मांडून बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण कोटेशनं साधारण अशीच येतात. गाडी पेट्रोल, एक्स-शोरूम किंमत (आरटीओ आणि विमा धरण्याआधीची) ९,५०,०००. ठाण्यातलं शोरूम ४५,००० डिस्काउंट देतंय. त्याच्या कोटेशनमध्ये आरटीओ १,१६,०००, इन्शुरन्स ४९,०००, अॅक्सेसरीज किट २२,०००, हँडलिंग ६,५०० आणि फास्टॅग ८००. बेरीज १०,९९,३००. तुर्भ्याचं शोरूम फक्त ३०,००० सोडतंय, पण आरटीओ १,०९,०००, इन्शुरन्स ३८,०००, अॅक्सेसरीज ८,०००, फास्टॅग ६०० आणि हँडलिंग शून्य. बेरीज १०,७५,६००. डिस्काउंट १५,००० ने कमी, तरी गाडी २३,७०० ने स्वस्त. म्हणून शोरूममध्ये शेवटपर्यंत एकाच, म्हणजे ऑन-रोड आकड्यावर बोलायचं: सगळं धरून माझ्या खात्यातून किती रुपये जाणार?

शोरूमला जाण्याआधी घरी काढायचा आकडा

कंपनीच्या वेबसाइटवरून तुम्हाला हव्या त्या व्हेरिएंटची, ठाणे किंवा नवी मुंबईची एक्स-शोरूम किंमत घ्या. जीएसटी तिच्यात धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर १८ टक्के, त्याहून मोठ्यांवर ४० टक्के आणि इलेक्ट्रिकवर ५ टक्के जीएसटी आहे. इंटरनेटवर त्याआधीच्या किमतींची पानं अजून फिरतात, त्यामुळे किंमतपत्रकावरची तारीख बघूनच आकडा उचला.

त्यावर राज्याचा एकरकमी मोटार वाहन कर. व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि त्यापुढे १३ टक्के. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५. सीएनजीला कर पेट्रोलपेक्षा कमी आहे, आणि राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात इलेक्ट्रिक कारला करसवलत आहे. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर दर खूपच चढा लागतो, तेव्हा ऑफिसच्या नावाने बुक करण्याआधी सीएला विचारा.

आपल्या ९,५०,००० च्या गाडीचा कर झाला १,०४,५००. त्यावर रस्ता सुरक्षा उपकराची छोटी रक्कम, नोंदणी फी ६००, स्मार्ट कार्ड २००, कर्ज असेल तर बँकेचा बोजा चढवायचे १,५००. सगळं मिळून १,०९,००० च्या आसपास. कोटेशनमध्ये १,१६,००० दिसले तर वरचे सात हजार सरकारकडे जात नाहीत. एजंटचा खर्च, पासिंग सर्व्हिस अशा नावांनी ते शोरूममध्येच राहतात.

एक खाचखळगा दहा लाखांच्या सीमेवर आहे. कर पूर्ण किमतीवर लागतो, फक्त वरच्या भागावर नाही. ९,९५,००० च्या व्हेरिएंटला ११ टक्क्यांनी १,०९,४५० होतात, १०,१०,००० च्या व्हेरिएंटला १२ टक्क्यांनी १,२१,२००. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच गोळा करायचा आयकर), म्हणजे आणखी १०,१००. किमतीत फरक १५,००० चा, पण देण्यात ३६,८५० चा. टीसीएस तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून मिळतो, त्यामुळे तो खर्चात धरू नका. मात्र त्या दिवशी खिशातून जातोच. फक्त सनरूफसाठी वरचं व्हेरिएंट घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

राहण्याचा पत्ता वाशीचा आणि डीलर ठाण्याचा असला तरी करात फरक पडत नाही, कारण कर राज्याचा आहे. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही आरटीओत नोंदणी करता येते. ठाण्याचा एमएच-०४, नवी मुंबईचा एमएच-४३, पनवेलचा एमएच-४६ किंवा कल्याणचा एमएच-०५, कुठलाही नंबर घेतलात तरी टक्का तोच. "दुसऱ्या आरटीओचं पासिंग आहे, जास्त लागतील" असं कोणी म्हणालं तर सरकारी पावतीवर ते दाखवायला सांगा.

पाणी कुठे मुरतं

हँडलिंग किंवा लॉजिस्टिक्स चार्ज हा पहिला. एक्स-शोरूम म्हणजे गाडी शोरूमपर्यंत आणून दिलेली किंमत. यार्डातून शोरूमला आणण्याचे, धुण्याचे, पुसण्याचे वेगळे पैसे मागायला कसलाही आधार नाही. ही ओळ दिसली की ती अर्धी करून घेऊ नका, पूर्ण काढायला लावा. निम्मी केली की ती योग्य होती असं तुम्हीच मान्य करता.

नंबर प्लेटचे वेगळे पैसे हा दुसरा. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच येते आणि तिचा खर्च गाडीच्या किमतीत असतो.

अॅक्सेसरीजचं किट हा तिसरा. "बेसिक किट कंपलसरी आहे" हे वाक्य खोटं आहे. मॅट, मडफ्लॅप, परफ्युम, किचेन आणि बॉडी कव्हर एकत्र बांधून १५ ते २५ हजारांचं पॅकेज करतात. यादी मागा, प्रत्येक वस्तूसमोर किंमत लिहून घ्या आणि हवं तेवढंच ठेवा. सीट कव्हरबाबत तर पैशांपलीकडची गोष्ट आहे. ज्या गाडीत साइड एअरबॅग सीटच्या बाजूत बसवलेल्या असतात, तिथे साधं घट्ट कव्हर चढवलं तर एअरबॅग उघडायला अडते. कव्हर घ्यायचंच असेल तर एअरबॅगसाठी शिवण मोकळी ठेवलेलं, कंपनीच्या भाग क्रमांकाचं घ्या. टेफ्लॉन आणि अंडरबॉडी कोटिंगला शोरूममध्ये ठामपणे नाही म्हणा. हवंच असलं तर नंतर बाहेरून, दर विचारून करता येतं.

एक्स्टेंडेड वॉरंटी फालतू नाही, विशेषतः ऑटोमॅटिक किंवा टर्बो गाडीला. पण तिचा दर कंपनीने छापलेला असतो आणि मूळ वॉरंटीच्या मुदतीत नंतरही घेता येते. बुकिंगच्या दिवशी घाई करायला लावली तर त्या बदल्यात काहीतरी मागा.

इन्शुरन्स: सगळ्यात मोठी फट

कोटेशनमधली जी ओळ लोक वाचतच नाहीत, तीत सर्वाधिक पैसे वाचतात. म्हणून इथे जरा थांबू.

नव्या कारला थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर) तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून ही अट आहे. त्याचा हप्ता सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत तीन वर्षांचे ६,५२१ रुपये आणि १००० ते १५०० सीसीला १०,६४० रुपये, वर जीएसटी. इथे कुठलीही कंपनी कमी-जास्त करू शकत नाही. घासाघीस होते ती ओन डॅमेज भागात (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि अॅड-ऑनमध्ये (जादा पैसे देऊन घेतलेली कव्हरं). तिथे विमा कंपन्या मोठी सूट देतात आणि डीलरला त्यातून कमिशन मिळतं.

डीलरकडूनच विमा घेण्याची सक्ती नाही. तरी "बाहेरून घेतलात तर कॅशलेस मिळणार नाही" किंवा "डिस्काउंट काढून टाकू" असं ऐकायला मिळतं. कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने थेट भरणं, हे त्या कंपनीच्या वर्कशॉपशी असलेल्या करारावर अवलंबून असतं, पॉलिसी कोणी विकली यावर नाही. घरूनच दोन विमा कंपन्यांच्या वेबसाइटवर त्याच गाडीचं कोटेशन काढा. मात्र तुलना समान गोष्टींची करा. आयडीव्ही (गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी जास्तीत जास्त देईल ती रक्कम) तोच हवा. नव्या गाडीचा आयडीव्ही एक्स-शोरूम किमतीच्या ९५ टक्के धरतात, म्हणजे आपल्या गाडीचा ९,०२,५००. कोणी आयडीव्ही आठ लाखांवर आणून हप्ता स्वस्त दाखवत असेल तर ती बचत नाही, गाडी चोरीला गेली तर लाखभराचं नुकसान आहे.

अॅड-ऑनमध्ये झिरो डेप (बदललेल्या भागांवर घसारा न कापणारं कव्हर) घ्या. इंजिन प्रोटेक्शन आपल्याकडे घ्यावंच असं स्पष्ट मत आहे. ठाण्यात वंदना टॉकीजच्या परिसरात पाणी तुंबणं किंवा सोसायटीच्या तळघरातलं पार्किंग भरणं नवीन नाही. पुरात भिजलेल्या गाडीचं नुकसान साध्या पॉलिसीतही मिळतं, पण पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा स्टार्ट केल्याने पाणी आत ओढलं जाऊन पिस्टन-रॉड वाकले, तर तो दावा या अॅड-ऑनशिवाय साधारणपणे नाकारतात. रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर बिलाची रक्कम देणारं कव्हर) पहिल्या दोन-तीन वर्षांत उपयोगी. चावी बदलणं, सामान चोरी, टायर संरक्षण ही कव्हरं हिशेब फुगवायला टाकलेली असतात. लागत नसतील तर काढा. पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर तुमच्याकडे आधीच असेल तर तेही पुन्हा घ्यायला नको.

आणि एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस. जुनी गाडी विकत असाल आणि तिच्यावर क्लेम नसेल, तर पाच वर्षांत साठलेली ५० टक्क्यांपर्यंतची सवलत नव्या गाडीच्या ओन डॅमेज हप्त्याला लागते. जुनी गाडी दुसऱ्याच्या नावावर गेल्यावर विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. डीलरने हे स्वतःहून विचारलं नाही म्हणून हजारो रुपये सोडून देणारे खूप आहेत.

बाहेरचं कोटेशन हातात आलं की डीलरला एवढंच सांगा, "हाच आयडीव्ही, हीच कव्हरं, हा आकडा. जमवलात तर पॉलिसी तुमच्याकडून, नाही तर मी आणतो." बहुतेक वेळा डीलर आकड्याजवळ येतो.

केव्हा जायचं

डीलरचं गणित महिन्याच्या टार्गेटवर चालतं. ठरावीक गाड्यांचं बिलिंग झालं तर कंपनीकडून त्याला जास्तीचे पैसे मिळतात. त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, त्यातही तिमाहीच्या अखेरीस, मॅनेजर जास्त सैल असतो. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळी पाडव्याला शोरूम गर्दीने भरलेलं असतं, तेव्हा जाहिरातीतली ऑफर मिळते पण तिच्यापलीकडे ओढायला जागा कमी. याउलट पितृपंधरवड्यात आणि अधिक महिन्यात आपली मंडळी गाडी घेत नाहीत. तेव्हा शोरूम रिकामं असतं, सेल्समनला वेळ असतो आणि बोलणी नीट होतात. मुहूर्त पाळायचा असेल तरी बोलणी आणि बुकिंग पितृपंधरवड्यात करून डिलिव्हरी दसऱ्याला घेता येते. फक्त एक काळजी: ऑफर बुकिंगच्या नव्हे, बिलाच्या महिन्याची लागते. सप्टेंबरची सूट ऑक्टोबरच्या बिलाला मिळणार असेल तर तसं लेखी हवं. कंपनीने मधे किंमत वाढवली तर ती कोण सोसणार, हेही त्याच कागदावर.

डिसेंबरात सरत्या वर्षी आणि जानेवारीत मागच्या वर्षी बनलेल्या गाड्यांवर मोठी सूट असते. ती घ्यायला हरकत नाही, पण विकताना गाडी एक वर्ष जुनी धरली जाईल हे लक्षात ठेवा. पाच-सहा वर्षांत विकणार असाल तर सूट चांगली जाड हवी. दहा वर्षं वापरणार असाल तर फरक विरून जातो.

वेटिंग असलेल्या मॉडेलवर रोख सूट मागून हाती काही लागत नाही. तिथे हँडलिंग, किट, इन्शुरन्स आणि आरटीओच्या फरकावर बोला. तेवढ्यातही वीस-पंचवीस हजार सुटू शकतात.

तीन कोटेशनं आणि प्रत्यक्ष बोलणी

ठाणे, नवी मुंबई आणि कल्याण किंवा पनवेल, अशी किमान तीन शोरूमं घ्या. एकाच मालकाची दोन-तीन शोरूमं वेगवेगळ्या उपनगरांत असतात आणि मग तीन कोटेशनं म्हणजे प्रत्यक्षात एकच. ओळखायची खूण कोटेशनच्या तळाशी आहे. जीएसटी क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं मालकाचा पॅन. दोन कोटेशनांवर ही दहा अक्षरं सारखी असली तर मालक एकच.

कोटेशन व्हॉट्सअॅपवर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीचं नको. लेटरहेडवर, व्हेरिएंट आणि रंगासह, ओळीनुसार, मेलवर मागा. सूट कोणकोणत्या नावाखाली आहे ते वेगळं लिहून घ्या: कंपनीची रोख ऑफर, एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट, लॉयल्टी, स्क्रॅपेज (जुनी गाडी भंगारात दिल्याची) आणि डीलरची स्वतःची. पहिल्या पाच सगळ्या डीलरांकडे जवळपास सारख्या असतात, कारण त्या कंपनीकडून येतात. खरी रस्सीखेच शेवटच्या एकीवर. कॉर्पोरेट सूट तर विचारल्याशिवाय सांगतच नाहीत. राज्य सरकारी कर्मचारी, बँका, शाळा-महाविद्यालयं, आयटी कंपन्या यांना ती अनेकदा लागू असते. ओळखपत्र बरोबर ठेवा.

पहिल्या भेटीत टेस्ट ड्राइव्ह घ्या, कोटेशन घ्या आणि निघा. "आज बुक केलंत तरच हा रेट" म्हणत असतील तरी. दुसऱ्या फेरीत सेल्समनशी नाही, टीम लीडर किंवा सेल्स मॅनेजरशी बसा. बोलणं साधं ठेवा: "साहेब, गाडी ठरली आहे, रंग ठरला आहे, पैसे तयार आहेत. हे दुसऱ्याचं कोटेशन. तुम्ही सगळं धरून १०,६५,००० ला देत असाल तर आत्ता बुकिंगचे पैसे भरतो." आकडा सांगून गप्प बसा. समोरून "मॅट फ्री देतो, बॉडी कव्हर फ्री देतो" असं आलं तर फुकट वस्तूंऐवजी तेवढे रुपये बिलातून कमी करायला सांगा. पाच हजारांची म्हणून दिलेली वस्तू बाजारात दोन हजारांत मिळते.

खोटं कोटेशन दाखवू नका, दुसऱ्याचा आकडा फुगवू नका. ही माणसं एकमेकांचे दर रोज ऐकतात, आणि एकदा विश्वास गेला की पुढची सूट बंद.

जुनी गाडी आणि कर्ज वेगळं ठेवा

नव्या गाडीचा आकडा लेखी येईपर्यंत जुन्या गाडीचा विषय काढू नका. दोन्ही एकत्र आले की नव्यावर दहा हजार सोडून जुन्यावर तीस हजार कापतात आणि कळतही नाही. जुन्या गाडीसाठी बाहेरच्या दोन-तीन खरेदीदारांकडून किंमत काढा. डीलरची किंमत अधिक एक्स्चेंज बोनस, ही बेरीज बाहेरच्या किमतीशी ताडून बघा. गाडी डीलरला दिलीत तर अधिकृत डीलरला ताबा दिल्याची फॉर्म २९सी ची ऑनलाइन नोंद करून घ्या, ई-चलान निकाली काढा आणि फास्टॅग बंद करा. ही नोंद नसेल आणि नाव बदलेपर्यंत त्या गाडीचा अपघात झाला तर नोटीस तुमच्या दारात येते.

कर्जाचा दर आधी स्वतःच्या बँकेतून मंजूर करून आणा. डीलरला कर्जावरही बँकेकडून मोबदला मिळतो, म्हणून तो जुळवून देतो, पण तुमच्या हातात दुसरा दर असेल तरच. "फक्त पाच टक्के" ऐकलं की फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर व्याज) का रिड्युसिंग (फक्त उरलेल्या रकमेवर व्याज) हे विचारा. आठ लाखांवर पाच वर्षं ५ टक्के फ्लॅट म्हणजे २,००,००० व्याज. ९ टक्के रिड्युसिंगने सुमारे १,९६,४००. पाच टक्के नऊपेक्षा महाग पडतात! मुदत सात वर्षं केली तर ९ टक्क्यांनी हप्ता १६,६०७ वरून १२,८७१ वर येतो, पण व्याज सुमारे २,८१,२०० होतं. हप्त्यावर भाव करू नका. मुदत लांबवून कोणताही हप्ता छोटा दाखवता येतो. बँकेकडून की फॅक्ट स्टेटमेंट मागा; त्यात प्रोसेसिंग फीसह वार्षिक खर्चाचा टक्का आणि मुदतपूर्व परतफेडीचा दंड लिहिलेला असतो.

बुकिंगपासून चावीपर्यंत

बुकिंगची रक्कम लहान ठेवा आणि फक्त शोरूमच्या बँक खात्यात भरा. सेल्समनच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही नको. पावतीवर ठरलेला पूर्ण आकडा, डिलिव्हरीची तारीख, रद्द केल्यास परताव्याची अट आणि "आरटीओ सरकारी पावतीप्रमाणे" हे शब्द लिहून घ्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख देता-घेता येत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

पूर्ण पैसे भरण्याआधी आणि नोंदणीआधी गाडी दिवसाउजेडी बघा, मग यार्ड भिवंडी-तळोज्याच्या बाजूला असलं तरी जा. नोंदणी झाली की गाडी तुमची. मग ओरखडा दाखवून ती बदलून मिळत नाही. चॅसिस क्रमांक बिलाशी जुळवा. बनल्याचा महिना आणि वर्ष फॉर्म २२ वर (गाडी बनवणाऱ्या कंपनीचं प्रमाणपत्र) बघा. टायरवर चार आकडे असतात, ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. एकच टायर वेगळ्या काळाचा असेल तर विचारा. किलोमीटर शंभराच्या आत हवेत. दरवाजे आणि बॉनेटच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, एखाद्या पत्र्याच्या रंगाची छटा वेगळी आहे का, स्पेअर व्हीलच्या खळग्यात किंवा कार्पेटखाली ओल किंवा गंज आहे का, दोन्ही चाव्या आणि जॅक आहेत का, सगळं बघा. काही खटकलं तर दुसरी गाडी मागा, "पॉलिश करून देतो" मान्य करू नका.

डिलिव्हरीच्या वेळी टॅक्स इन्व्हॉइस, फॉर्म २१ (विक्रीचं प्रमाणपत्र) आणि २२, विमा पॉलिसी, वॉरंटी पुस्तिका आणि आरटीओ कराची पावती घ्या. वाहन पोर्टलच्या पावतीवर जी रक्कम आहे ती आणि तुमच्याकडून आरटीओच्या नावाने घेतलेली, यांतला फरक परत मागा. बुकिंगच्या पावतीवरचे ते शब्द इथे कामी येतात. शोरूमने टाळाटाळ केली तर आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला मेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानेही झालं नाही तर ई-जागृती पोर्टलवरून ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तिथे दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असलेले व्यवहार चालतात, वकील लागतोच असं नाही. इन्शुरन्सच्या सक्तीची तक्रार विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर वेगळी करावी. तिथे पॉलिसी क्रमांक आणि बाहेरचं कोटेशन दोन्ही जोडा.